सतरा नंबरच्या टाकीतली चोरी

१

आमच्या घरी चोरीची बातमी मंगळवारी आली, आणि चोरीला नक्की काय गेलंय हे मला कळायला बुधवार उजाडला. सोनंनाणं नव्हे, लॅपटॉप नव्हे. माझ्या बायकोच्या माशांच्या अंगातलं एक जनुक चोरीला गेलं होतं.

मुग्धा, म्हणजे माझी बायको, ऑकलंडजवळच्या हॅमिल्टनमधल्या एका संशोधन संस्थेत झेब्रा मासे पाळते. ‘पाळते’ म्हटलेलं तिला खपत नाही, ‘संशोधन करते’ म्हणायचं. मासा बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे, आणि अंडं असं पारदर्शक की आतलं पिल्लू घडताना दिसतं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या हृदयाचे ठोके मोजता येतात. मुग्धाला एका जनुकातला बिघाड सापडला होता. तो आई आणि बाप दोघांकडून मिळाला तर पिल्लाचं हृदय नीट जुळत नाही आणि ते आठवड्याभरात मरतं. एकाकडूनच मिळाला तर मासा ठणठणीत राहतो, फक्त बिघाड अंगात बाळगतो. अशा माशाला ‘वाहक’ म्हणतात. दोन वाहकांची जोडी लावली की चारांतलं एक पिल्लू आजारी निघणार, हे ठरलेलं. मुग्धाने ते तीन वर्षं दाखवलं होतं आणि त्यावरचा तिचा लेख छापायला स्वीकारलाही होता.

छापण्याआधी खात्री म्हणून तिने सतरा नंबरच्या टाकीतल्या वाहकांच्या आठ जोड्या पुन्हा लावल्या. तीन जोड्यांत चारांत एक आजारी निघालं. उरलेल्या पाच जोड्यांची सगळी पिल्लं धडधाकट! जगात इतर कुठेही धडधाकट पिल्लं झाली की लोक पेढे वाटतात, आमच्याकडे रडारड झाली.

त्या पाच जोड्यांची तपासणी केली तर दहांतले सहा मासे वाहकच नव्हते.

“मार्चमध्ये या माशांची तपासणी तूच केलीस,” विभागप्रमुख हेदर मुग्धाला म्हणाली. हेदर कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे तिचं बोलणं जास्त लागतं. “सगळे वाहक आहेत असं तुझ्याच अक्षरात लिहिलंय. मग आता हे काय?”

उरलेले सगळे मासे तपासायचे तर यंत्र दुसऱ्या विभागाकडे, आणि नंबर दहा दिवसांनी. लेख शुक्रवारी छापायला जाणार. शुक्रवारी चारपर्यंत खुलासा मिळाला नाही तर हेदर लेख मागे घेणार होती. आणि मागे घेतलेला लेख म्हणजे काय, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. ही बाई आकडे रचते, असा शिक्का बसतो आणि तो पुसत नाही.

बुधवारी रात्री मुग्धा जेवली नाही. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, “रवी, प्लीज, ‘होईल ठीक’ एवढं म्हणू नकोस.” मी तेच म्हणणार होतो. तेवढ्यात खोलीच्या दारातून आवाज आला, “त्या टाकीजवळ मला उद्या घेऊन चला.”

सासूबाई जाग्या होत्या.

२

माझ्या सासूबाई श्यामला यांनी पुण्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. पण त्यांची कीर्ती गणितामुळे नाही, परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षक म्हणून आहे. त्या वर्गावर आल्या की अर्धी मुलं आपणहून चिठ्ठ्या आणून टेबलावर ठेवत, असं सांगतात. सांगतात त्याच, पण मी त्यांच्याबरोबर सात आठवडे काढलेत, मला पटतं.

ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, सकाळी दहापर्यंत धुकं आणि घरात स्वेटरवर स्वेटर. सासूबाईंचं या देशाबद्दलचं मत तिथेच संपलं होतं. माशांची खोली मात्र अठ्ठावीस अंशांवर असते. आधी दोनदा त्या ‘मुग्धाचं काम बघायला’ म्हणून जाऊन तिथे डुलक्या काढून आल्या होत्या. या वेळीही त्या उबेसाठीच चालल्यात अशी माझी पक्की समजूत होती. मी दूधकंपनीतल्या माझ्या नोकरीवरून दोन दिवस सुट्टी टाकली, कारण इथे गाडीशिवाय कोणी कुठे जात नाही आणि आमच्या घरी ड्रायव्हर मीच.

“रवींद्रराव,” गाडीत त्या म्हणाल्या, “त्या खोलीत जातं येतं कोण?”

“मुग्धा. तिचा सहकारी इंद्रनील. आणि टाक्या सांभाळणारे पुरुषोत्तमकाका. बाकीच्यांची कार्डं तिथे चालत नाहीत.”

“आणि बाहेरून कोणी मासे आणून बदलले असतील तर?”

“आई, या देशात मासा आणणं सोपं नाही. तुमच्या मेतकुटासाठी विमानतळावर पाऊण तास गेला होता.”

“म्हणजे जे काही झालंय ते खोलीतल्यांनी, खोलीतल्या माशांचंच केलंय,” असं म्हणून त्यांनी शाल घट्ट ओढली आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. फाटकाशी गाडी थांबल्यावर डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, “मुग्धाची ही नोकरी गेली तर ती कोणाला मिळेल?”

कायमच्या जागेसाठी दोनच अर्ज होते. दुसरा इंद्रनीलचा होता.

३

इंद्रनील मुंबईचा. इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. बाहेर गवतावर दव गोठलेलं, आणि हा अर्ध्या चड्डीत आणि जँडल्समध्ये. इथे चपलेला जँडल म्हणतात.

“कियोरा, काकू! चहा घेणार? दूध संपलंय, पण मी डेअरीतून घेऊन येतो.” डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. सासूबाईंना ते अजून पचलेलं नव्हतं.

“चहा नको. मुग्धाने जोड्या लावल्या त्या गेल्या सोमवारी सकाळी किती वाजता आलास?”

“नेहमीसारखा. नऊ.”

“दारावरच्या यंत्रात सहा वाजून दहा मिनिटांची नोंद आहे. मुग्धाने यादी काढून आणलीय.”

इंद्रनीलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. या माशांचं एक वेळापत्रक असतं. संध्याकाळी नर आणि मादी एका डब्यात, पण मध्ये प्लास्टिकची पट्टी घालून ठेवतात. सकाळी खोलीतले दिवे लागले की पट्टी काढायची, की मासे अंडी देतात. म्हणजे दिवे लागण्याआधी तिथे गेलेल्या माणसाला कोणाच्याही जोड्यांत हात घालता येतो. हे मला मुग्धाने समजावलं होतं. सासूबाईंना ते ऐकताऐकताच कळलं होतं.

“मुग्धाच्या डब्यांना हात लावलास?”

“लावला.” तो खाली बसला. “पण तुम्हाला वाटतंय तसं नाही, काकू. शप्पथ. माझ्या डब्यांच्या पट्ट्या तडकल्यात. नवीन मागवल्यात, पण यायला वेळ लागतोय. म्हणून मी पहाटे येऊन तिच्या रिकाम्या डब्यांतल्या पट्ट्या ढापायचो. हीप्स ऑफ टाइम्स, कितीदा तरी. मासे नाही, पट्ट्या!”

“पुरावा?”

त्याने खण उघडला. आत मुग्धाच्या नावाच्या चौदा पट्ट्या होत्या. मुग्धा दीड महिना त्या शोधत होती आणि दर वेळी माझ्यावर चिडत होती, आणि माझा तर त्या पट्ट्यांशी संबंधच नव्हता. मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

“जागा मला हवीय, नाही कशाला म्हणू?” इंद्रनील म्हणाला. “पण अशी नकोय. तिचं काम खरं आहे. मी स्वतः ती हृदयं बघितलीत.”

सासूबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पूर्ण अर्धा मिनिट बघितलं. “हा किरकोळ चोर आहे,” त्यांनी मला जाहीरपणे सांगितलं. “असली मुलं पट्टी, रबर, कंपास ढापतात. पेपर फोडत नाहीत.”

“मग पेपर कोणी फोडला?”

त्यांनी गालावर हात दाबला. “दाढ ठणकतेय. इथे लवंगेचं तेल मिळेल का हो?”

४

लवंगेचं तेल मिळण्याची जागा एकच होती, आणि ती कुठली हे त्यांना मुग्धाने आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नको असलेले मासे पाण्यात हेच तेल घालून कायमचे झोपवतात.

पुरुषोत्तमकाका भोसरीच्या पंप कारखान्यात आयुष्य काढून मुलाच्या मागे हॅमिल्टनला आले. स्वस्थ बसवेना, म्हणून इथे पंप आणि गाळण्या सांभाळायला लागले. जुना तंत्रज्ञ जुलैमध्ये ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरात घर घेऊन गेला आणि टाक्यांची सगळीच कामं काकांच्या गळ्यात पडली. उभ्या जन्मात या माणसाने अंडंही फोडलेलं नाही. डब्यात त्यांच्या बायकोने, शांताकाकूंनी, दिलेली साबुदाण्याची खिचडी होती. श्रावण चालू होता.

“श्यामलाताई, घ्या ना, हवं तेवढं घ्या,” म्हणत त्यांनी कपाटातून बाटली काढून दिली. सासूबाईंनी झाकण फिरवलं. कडकन आवाज झाला. त्यांनी कापसावर थेंब घेऊन दाढेत धरला आणि बाटली मला दिली. “जरा धरा, रवींद्रराव. नीट बघून धरा.”

मी बघितलं. बाटलीत बाटलीएवढं तेल होतं. त्यापलीकडे मला काही दिसलं नाही.

काका माशांना खाऊ घालायला निघाले आणि सासूबाई त्यांच्यामागून. प्रत्येक टाकीवर कागद चिकटवलेला असतो, किती मासे आणि किती चमचे खाद्य. काकांचा हात मशीनसारखा चालत होता. पाच नंबर, एक चमचा. आठ नंबर, एक चमचा. नऊ नंबर रिकामी. सतरा नंबरला एक चमचा, आणि मग जरा इकडेतिकडे बघून आणखी अर्धा.

“काका, कागदावर तर एक आहे,” सासूबाई दाढ धरून म्हणाल्या.

“हो का? गुणी मासे आहेत हो. भूक जास्त आहे त्यांना.” काकांनी चमचा खिशात टाकला. “आणि मुग्धाच्या टाकीवर लिहिलंयच ना, ‘हे मासे मारू नयेत’. चांगलं वाटतं वाचून.”

सतरा नंबरच्या कागदावर खरंच तसं लाल अक्षरात होतं. त्याखाली मार्चची तारीख आणि ‘वाहक – २०’. मासा मेला की आकडा खोडून कमी करायचा अशी इथली पद्धत. वीस खोडलेला नव्हता.

“म्हणजे एकही मेलेला नाही,” मी म्हणालो. “कमी झालेलं काहीच नाही.”

“कमी झालेलं नाही, हे सगळे मला तीन दिवस सांगताय,” सासूबाई तेलाचा कापूस थुंकत म्हणाल्या. त्यांची दाढ एकाएकी अजिबात दुखेनाशी झाली होती. “त्या इंद्रनीलला बोलवा. जाळी घेऊन.”

५

झेब्रा मासे मोजणं हे काम कोणी का करत नाही, ते करताना कळलं. ते एका जागी राहत नाहीत. मी तीन वेळा मोजले, सतरा, अडतीस आणि बावीस आले.

“असं मोजतात का कुठे?” सासूबाई ओरडल्या. “वर्गातली पोरं पळापळ करत असताना हजेरी घेता येते? एकेकाला दारातून आत सोडायचं.”

मग इंद्रनीलने पट्ट्यांचं प्रायश्चित्त म्हणून एकेक मासा जाळीने उचलून शेजारच्या रिकाम्या टाकीत सोडला. सासूबाई मोठ्याने आकडे म्हणत होत्या, मुग्धा दारात मुठी आवळून उभी होती.

“अठरा. एकोणीस. वीस.”

इंद्रनीलची जाळी थांबली. टाकीत अजून मासे होते.

“थांबलास कशाला? एकवीस,” सासूबाई म्हणाल्या.

शेवटचा मासा पडला तेव्हा आकडा बत्तीस झाला होता. मुग्धा टाकीपाशी आली. “आई, हे कसं शक्य आहे? टाकीत मासे वाढत नाहीत. इथे अंडी ठेवतच नाही आम्ही.”

“रवींद्रराव, हेदरबाईंना बोलवा,” सासूबाई खुर्चीत बसल्या. “आणि काकांनाही. पंप बंद करून या म्हणावं.”

६

हेदर आली. मी सासूबाईंचं मराठी जमेल तसं इंग्रजीत सांगत होतो. जिथे मी चुकलो तिथे त्यांनी मला मराठीतूनच दुरुस्त केलं.

“परीक्षेत दोन तऱ्हेचे गुन्हे होतात,” त्या म्हणाल्या. “एक, कोणीतरी काहीतरी नेतं. पेपर, उत्तरपत्रिका, शेजाऱ्याचं उत्तर. दुसरा, वर्गात जो नसायला हवा तो येऊन बसतो. डमी. पहिला गुन्हा सगळे शोधतात. दुसरा पकडायचा तर डोकी मोजावी लागतात. तुम्ही सगळे जनुक कुठे गेलं ते शोधत होता. जनुक कुठेही गेलेलं नाही. मुग्धाचे वीसच्या वीस वाहक इथेच आहेत. त्यांच्यात बारा उपरे येऊन बसलेत. वाहकाशी वाहकाची जोडी लागली तिथे आजारी पिल्लं निघाली, उपरा आला तिथे नाही. म्हणून तीन जोड्या बरोबर आणि पाच चूक.”

“बारा का?” हेदरने विचारलं.

“मुग्धा, मार्चमध्ये तू एकूण किती मासे तपासलेस?”

“बत्तीस. सगळी भावंडं. वीस वाहक निघाले ते सतरामध्ये ठेवले. बारा साधे होते, ते नऊमध्ये. दोन आठवड्यांपूर्वी जागा हवी होती, म्हणून त्या बारांची चिठ्ठी दिली मी. मारायची.”

“ती चिठ्ठी मी बघितली, तिच्यावर ‘झालं’ अशी सही आहे. जुना माणूस गेल्यावरचं हे पहिलंच मारण्याचं काम. आणि मारायच्या तेलाच्या बाटलीचं सील आज सकाळी मी तोडलं, माझ्या दाढेसाठी.” त्या वळल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “काका, पंपाच्या कामात तुमच्या हातून थेंब इकडचा तिकडे होत नाही. खाद्य मात्र दीडपट पडतं. बारा तोंडं जास्त आहेत, हे तुम्हालाच माहीत होतं.”

पुरुषोत्तमकाका भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला नाही.

“श्रावणी सोमवार होता,” ते म्हणाले. “बादली घेतली, तेलाची बाटली काढली, आणि ती उघडायला हात उचलेना हो. विचार केला, यांना ठेवू तरी कुठे? पूर्ण खोलीत एकाच टाकीवर लिहिलंय, मारू नये म्हणून. आणि ती त्यांचीच भावंडं. मार्चमध्ये उगाच वेगळी केलेली. मी आपली परत एकत्र सोडली.”

हेदरला हे मी इंग्रजीत सांगितलं.

“पण काका,” मुग्धा म्हणाली, “मंगळवारपासून मी रडतेय. तुमच्या डोळ्यांसमोर.”

“त्याचा आणि याचा संबंध आहे हे मला आत्ता कळलं गं, पोरी. ताई बोलल्या तेव्हा. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. मला वाटलं, मासे ते मासे. तुझं नाव जातंय यात हे ठाऊक असतं तर त्याच क्षणी...” मग ते हेदरसमोर जाऊन ताठ उभे राहिले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, “मॅडम, शी इज राइट. आय ॲम राँग. राइट दॅट डाउन.”

सासूबाईंनी एकतीस वर्षांत पकडलेल्या एकाही मुलाला सोडलेलं नाही. त्या दिवशी मात्र त्या उठून काकांसाठी खुर्ची ओढायला गेल्या.

७

हेदरने फोनवर कोणाला काय सांगितलं माहीत नाही, पण दहा दिवसांनंतरचा यंत्राचा नंबर त्याच दुपारी मिळाला. शुक्रवारी सकाळी अकराला निकाल आले, वीस वाहक, बारा साधे. इंद्रनील ‘स्वीट ॲज!’, म्हणजे ‘झकास!’, म्हणून नाचला, आणि मग आपणही त्याच जागेसाठी अर्ज केलाय हे आठवून जरा कमी नाचला. लेख वेळेत गेला. हेदरने मुग्धाची माफी मागितली, लेखी आणि तोंडी. काकांनी खोटी सही केली होती, ते वर कळवावंच लागलं. त्यांच्याकडे आता फक्त पंप राहिले. आणि त्याबद्दल त्यांनी हेदरचे इतके आभार मानले की तिला शिक्षा नक्की दिली की नाही, अशी शंका आली.

एक काम उरलं होतं. बारा मासे परत नऊ नंबरमध्ये होते. खोलीच्या नियमाप्रमाणे ते बाहेर कोणाला देता येत नाहीत आणि ठेवायला कारण लागतं. चिठ्ठी मुग्धाचीच होती.

मी आणि सासूबाई गाडीत वाट बघत बसलो. पाचाला ती आली, पुढच्या सीटवर बसली आणि पट्टा लावायचं विसरली. सासूबाईंनी मागून डबा पुढे केला, तो तिने मांडीवर ठेवला आणि उघडला नाही.

“कोणी केलं?” मी विचारलं.

“मी. इतकी वर्षं नुसत्या चिठ्ठ्या लिहिल्या, रवी. कोण करतं, कसं करतं, कधी आत जाऊन बघितलंच नव्हतं.” ती काचेतून बाहेर बघत होती. “काका शेजारी येऊन उभे राहिले. मी नको म्हटलं, तरी. एकेक मासा पाण्यात सोडला की ते हात जोडायचे. दर वेळी. मला आधी हसूच येत होतं.”

मी गाडी सुरू केली.

“आठव्यापासून,” मुग्धा म्हणाली, “मीही जोडले.”